डेंटिस्टकडे जायची भीती वाटते? मग दुखायच्या आधी जा (कसं जायचं ते पायरीपायरीने)

मी कल्याणला एका डेंटल क्लिनिकमधे असिस्टंट आहे. डॉक्टरांच्या शेजारी सक्शन धरायचं, ट्रे लावायचा, फोन घ्यायचे आणि मधल्या वेळात बाहेर बसलेल्या पेशंटला धीर द्यायचा, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी किती घेऊ ते मला विचारू नका, पण घाबरलेली माणसं मी रोज बघते. "जरा गाडी नीट लावून येतो" म्हणून खाली गेलेले आणि परत न आलेले काका बघितलेत, नाव पुकारल्यावर फोन आल्याचं नाटक करत सटकणारी कॉलेजची मुलगी बघितलीय, आणि एरवी कोणाच्या बापाला न घाबरणारा चांगला आडदांड माणूस सुई बघून पांढराफटक पडलेला पण बघितलाय. त्यामुळे लाजायचं काही कारण नाही, तुमच्यासारखे आमच्याकडे रोज येतात.

पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. घाबरणारा माणूस येतो तरी कधी? रात्रभर दाढ ठणकल्यावर, गाल सुजल्यावर, लवंग, हिंग, घरातल्या पेनकिलर, सगळं करून झाल्यावर. आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट वेळ असते. कारण दाताखाली इन्फेक्शन झालं, पू झाला की तिथली आम्लता वाढते आणि भुलीचं औषध अशा जागी नीट काम करत नाही. म्हणजे एरवी एका इंजेक्शनमधे आरामात झालं असतं ते काम तेव्हा दोन-तीन इंजेक्शनं देऊनही थोडं दुखतं. मग हा माणूस घरी जाऊन सांगतो की बघा, मी म्हणत होतो ना लय दुखतं, आणि परत चार वर्षं फिरकत नाही, तोवर शेजारची दाढ किडलेली असते. हे चक्र तोडायचं तर एकच मार्ग आहे, काही दुखत नसताना जायचं, आणि पहिल्यांदा गेल्यावर काही करून घ्यायचं नाही. खाली जे काय सांगतेय ते सगळं याच्यासाठीच आहे.

(आत्ता ह्या क्षणी दुखतंय म्हणून हे वाचत असाल तर सरळ खाली "आत्ताच दुखतंय" तिथे जा.)

पहिली पायरी: नक्की कशाची भीती ते शोधा

"मला डेंटिस्टची भीती वाटते" असं सगळेच म्हणतात, पण खोदून विचारलं की प्रत्येकाचं वेगळं निघतं. कोणाला सुई नको असते, कोणाला त्या मशीनचा आवाज सहन होत नाही. कोणाला तोंडात पाणी साठलं की गुदमरल्यासारखं होतं. बऱ्याच जणांना, आणि हे कोणी पटकन कबूल करत नाही, डॉक्टर ओरडतील याची भीती असते, "इतके दिवस काय झोपला होता का?" असं कोणीतरी कधीतरी सुनावलेलं असतं. मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू, गुटखा खाणारे पुरुष तर तोंड उघडायलाच लाजतात. कोणाला बिलाची भीती असते, ती पण खरीच भीती आहे. आणि काहींना आडवं झोपवून कोणीतरी तोंडात हात घालणार, आपल्याला बोलता येणार नाही, थांबवता येणार नाही, याचीच धास्ती असते.

भीती मोजायची पाच प्रश्नांची एक साधी पट्टी आहे, जगभर वापरतात. नॉर्मन कोरा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६९ मधे चार प्रश्नांची काढली होती, त्यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता, तो १९९५ मधे ब्रिटनमधे सुधारून घातला. तुम्ही घरीच करून बघा. उद्या ट्रीटमेंट आहे म्हटल्यावर कसं वाटेल, वेटिंग रूममधे बसल्यावर कसं वाटेल, दात घासायचं (म्हणजे किडलेला भाग कोरायचं) मशीन लावणार म्हटल्यावर, दात साफ करणार म्हटल्यावर, आणि वरच्या मागच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन देणार म्हटल्यावर. प्रत्येकाला १ ते ५ मार्क द्या, अजिबात भीती नाही म्हणजे १ आणि प्रचंड भीती म्हणजे ५. बेरीज १९ किंवा वर गेली तर तुमची भीती नुसत्या धीराने जाणारी नाही, तुम्हाला वेगळी मदत लागेल, ते पुढे सांगते. त्याच्या खाली असेल तर इथल्या पायऱ्यांनी बहुतेक काम होईल. बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला ५ पडले ते महत्त्वाचं, कारण तेच डॉक्टरांना सांगायचंय.

एक गोष्ट मधेच सांगून टाकते. आपल्यातली अर्धी भीती आपली स्वतःची नसतेच, ती आजी-आजोबांकडून आलेली असते. त्यांच्या वेळी काचेची सिरिंज उकळून परत परत वापरायचे, सुया जाड आणि बोथट असायच्या, गावाकडे तर भुलीशिवाय पकडीने दाढ उपटलेली माणसं होती. आज भुलीसाठी जे वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनमधे १९४३ ला तयार झालं आणि १९४८ ला बाजारात आलं, आणि हवेच्या दाबावर फिरणारं वेगवान मशीन १९५७ नंतरचं, आपल्या खेड्यापाड्यात तर हे सगळं पोचायला अजून कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे आजोबा सांगायचे ते खोटं नव्हतं, फक्त ते आताचं नाही. तसंच "वरचा सुळा काढला की नजर जाते" हे पण डोक्यातून काढा, दाताच्या नसेचा आणि दिसण्याच्या नसेचा संबंध नाही, दोन्ही वेगळ्या नसा आहेत.

दुसरी पायरी: फोन करा, आणि फोनवरच सांगा

क्लिनिक निवडताना एसी, झुंबर, टीव्ही हे बघू नका. फोन करा आणि साधं सांगा, "मला दातांच्या डॉक्टरांची खूप भीती वाटते, मला पहिल्या वेळी फक्त बोलायचंय आणि दाखवायचंय, त्या दिवशी काही करायचं नाही, चालेल का?" आता समोरची व्यक्ती काय म्हणते ते ऐका. "हो चालेल, जरा शांत वेळ देते" असं आलं तर बरं. "अहो घाबरायचं काय त्यात, या तुम्ही, सगळं एका दिवसात करून टाकू" असं आलं तर त्यांच्या मनात वाईट काही नसेल पण ते क्लिनिक तुमच्यासाठी नाही. दुसरीकडे लावा.

वेळ सकाळची पहिली मागा. एक तर दिवसभर धाकधूक करत बसावं लागत नाही, दुसरं म्हणजे सकाळी आम्ही वेळेवर असतो, संध्याकाळी सात वाजता आधीच्या पेशंटचं लांबलेलं असतं आणि तुम्ही बाहेर बसून आतले आवाज ऐकत राहता. शनिवारी संध्याकाळ तर घाबरणाऱ्याने घेऊच नये, तेव्हा आमच्याकडे नुसती जत्रा असते.

बायकांना एकट्याने आत जायला नको वाटत असेल तर सोबत कोणी बसू शकतं का, किंवा लेडी असिस्टंट आत असेल का हे फोनवरच विचारून घ्या, यात वावगं काही नाही. सोबतीला कोणाला न्यायचं ते मात्र बघून ठरवा. "काही होत नाही रे, माझी तर चार दाढा काढल्या, एवढं रक्त आलं" असं सांगणारा मामा नको. गप्प बसून पेपर वाचणारा माणूस सगळ्यात उत्तम.

पैशांची भीती असेल तर पहिल्याच भेटीत कागदावर खर्च लिहून मागा, आणि एक प्रश्न नक्की विचारा, "यातलं आत्ता काय करायलाच पाहिजे आणि काय थांबू शकतं?" चांगला डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो. शंका आली तर एक्सरेची कॉपी घेऊन दुसरीकडे दाखवा. अगदीच जमत नसेल तर सरकारी आणि महापालिकेची डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय, गोव्यात बांबोळीचं. तिथे खर्च बाहेरच्या मानाने फारच कमी. विद्यार्थी करतात पण वर सर-मॅडम तपासत असतात, वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, एका हॉलमधे ओळीने खुर्च्या असतात. काही घाबरट माणसांना ते उलट बरं वाटतं, आपल्यासारखे अजून दहा जण दिसतात. काहींना नाही झेपत.

तिसरी पायरी: पहिली भेट, काहीही न करता

या भेटीत काय काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं. खुर्चीत बसवतील, गळ्याला कागदी बिब लावतील, वरचा दिवा लावतील. ट्रेमधे छोटा आरसा असतो आणि पुढे वाकडं टोक असलेली बारीक सळई. ती सळई दिसायला भयंकर दिसते पण तिचं काम दाताला कुठे मऊ लागतंय, कुठे खड्डा पडलाय ते चाचपायचं, बास. जास्तीत जास्त एखादा छोटा एक्सरे काढतील, त्यात तोंडात प्लास्टिकचा सेन्सर किंवा फिल्म धरायची, दुखत नाही, फक्त मागच्या दाढेला जरा टोचल्यासारखं होतं आणि उलटीची भावना येऊ शकते.

बोलायचं काय? मघाशी ज्या प्रश्नाला ५ पडले ते सांगा. आधी कुठे वाईट अनुभव आला असेल तर कुठल्या दाढेला, नक्की काय झालं होतं ते सांगा, डॉक्टरचं किंवा क्लिनिकचं नाव घ्यायची गरज नाही. ओरडा खायची भीती असेल तर तेही बोलून टाका, "बरीच वर्षं दाखवलं नाही, मला माहितीय, प्लीज त्यावर लेक्चर नको." आमच्याकडे एक ताई हेच चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या होत्या, कारण तोंडाने सांगताना रडू येईल म्हणे. मी चिठ्ठी आत नेऊन दिली, डॉक्टरांनी वाचून खिशात ठेवली आणि एक अक्षर न विचारता तपासलं. तुम्हीही चिठ्ठी द्या, चालतं.

आणि आजार, औषधं लपवू नका. बीपी, शुगर, हार्ट, दमा, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, प्रेग्नन्सी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, सगळं सांगा. रक्त पातळ व्हायची गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नका, ते तुमचे हार्टचे डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून ठरवतील.

याच भेटीत हात वर करायचा इशारा ठरवून घ्या. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. डावा अशासाठी की उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर तुमच्या उजव्या बाजूला बसलेला असतो, उजवा हात उचललात तर त्याच्या हातातल्या मशीनला धक्का लागायचा. आणि पुढच्या वेळी सुरुवातीला एकदा खोटाच हात वर करून बघा की खरंच थांबतात का. मी बघितलंय, एकदा थांबले की माणूस पुढे हात वर करतच नाही, थांबवता येतं एवढं कळलं की त्याला पुरतं.

चौथी पायरी: सोप्याकडून अवघडाकडे

तोंडात पाच कामं असतील तर पहिलं काम सगळ्यात सोपं घ्या, सगळ्यात खराब दाढ पहिल्यांदा नाही (ती दुखत नसेल तरच हं, दुखत असेल किंवा पू असेल तर ती आधी). बऱ्याचदा दात साफ करणं, म्हणजे स्केलिंग, हे पहिलं घेतात. सुई नसते. मशीनचं टोक बारीक थरथरतं, पाणी उडतं, थंड झिणझिण्या येतात, हिरड्या सुजलेल्या असतील तर थोडं रक्त येतं. अर्धं तोंड आज, अर्धं पुढच्या आठवड्यात असंही करून घेता येतं. आणि "साफ केल्याने दात हलायला लागतात" हा जो पक्का समज आहे त्याचं असं आहे, दात आधीपासूनच सैल झालेले असतात, दगडासारखा साचलेला थर त्यांना आधार देऊन उभा असतो, तो निघाला की खरी परिस्थिती कळते. थर ठेवलात तर हाड अजून झिजत जातं.

त्यानंतर एखादं छोटं सिमेंट भरणं. मग रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. दोन भेटींमधे फार अंतर ठेवू नका, आठवडा-दहा दिवस ठीक, तीन महिने गेले की भीती परत ताजी होते.

पाचवी पायरी: त्या दिवशीची तयारी

पोटभर नाही पण व्यवस्थित खाऊन या. उपाशी पोटी घाबरलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि दोष इंजेक्शनला देतो. शुगरवाल्यांनी नाश्ता आणि नेहमीची गोळी दोन्ही घेऊन सकाळीच यायचं. (झोपेचं औषध देऊन करणार असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा उपाशी यायला सांगतात, ते सांगतील तसं करा.) चहा-कॉफीचे कपावर कप मारू नका, धडधड वाढते. आणि "थोडी घेऊन आलो, भीती जावी म्हणून" असं करू नका, येतात हो असे लोक, वास लगेच येतो आणि डॉक्टर परत पाठवतात. तसंच शेजारच्या काकूंची झोपेची गोळी खाऊन येऊ नका.

हेडफोन आणा. एका कानात गाणी आणि दुसरा मोकळा ठेवलात तर डॉक्टरांचं बोलणंही ऐकू येतं. दिव्याचा त्रास होत असेल तर गॉगल लावा, कोणी हसत नाही. हातात धरायला रुमाल किंवा स्माइली बॉल.

सहावी पायरी: इंजेक्शन, अगदी जवळून

सगळ्यात जास्त भीती याचीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिरडी कापसाने कोरडी करतात आणि तिथे बधिर करणारी जेल किंवा स्प्रे लावतात. तो घटकाभर राहू द्यायला लागतो, लावला आणि लगेच टोचलं तर त्याचा उपयोग नाही, त्यामुळे "डॉक्टर, जेल लावून जरा थांबाल का" एवढं म्हणा. ओल्या जागेवर जेल वाहून जाते म्हणून मधे सारखं गिळू नका, थुंकू नका. मग डॉक्टर गाल दोन बोटांत धरून हलवतात, तुमचं लक्ष हलण्याकडे जातं आणि टोचणं अर्धं जाणवत नाही. सुई केसापेक्षा जाड पण दिसते त्याहून कितीतरी बारीक असते. खरं दुखतं ते टोचताना नाही, औषध भसकन आत ढकललं की तिथली जागा ताणली जाते त्याने दुखतं. म्हणून सांगायचं काय तर "हळू द्या". हळू म्हणजे एक मिलीला साधारण मिनिटभर. मी शेजारी उभी असते तेव्हा पेशंटला आकडे मोजायला लावते, पन्नासच्या पुढे गेलात की बहुतेक संपलेलं असतं.

टाळूवरचं इंजेक्शन मात्र दुखतं, खोटं कशाला सांगू, तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते. पण वरची दाढ काढायचीच असेल तर ते लागतं, आणि काही सेकंदांचा प्रश्न असतो. त्या काही सेकंदांत दोन्ही पायांचे अंगठे जोरात ताणून धरा.

काहींना इंजेक्शननंतर छातीत धडधडतं आणि हात थरथरतात. बऱ्याच औषधांत थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून, त्याने होतं. दोन-तीन मिनिटांत जातं. दर वेळी होत असेल तर सांगा, बिना अ‍ॅड्रेनालिनचं औषधही असतं.

मग थांबायचं. वरच्या दातांना दोन-तीन मिनिटं पुरतात, खालच्या मागच्या दाढेला पाच-दहा मिनिटं लागू शकतात आणि अर्धा ओठ सुजून लोंबतोय असं वाटायला लागतं. आरशात बघा, तो सुजलेला नसतो. ओठ जड झाला नसेल तर तसं सांगा, घाई करून "हो हो झालं" म्हणू नका. "मला भूल चढतच नाही" म्हणणारे बरेच भेटतात. त्यातल्या पुष्कळ जणांना एक तर इन्फेक्शन असताना काम केलेलं असतं किंवा पुरेसं थांबलेलं नसतं, आणि काहींची नस जरा वेगळ्या जागी असते तेव्हा दुसऱ्या ठिकाणी इंजेक्शन द्यायला लागतं.

भूल चढली तरी दाब जाणवतो, हे आधीच माहीत असू द्या. दुखण्याची जाणीव जाते, ढकलल्याची, ओढल्याची राहते. दाढ काढताना कटकट आवाज हाडातून कानात येतो, कोणीतरी जबडाच ओढतंय असं वाटतं. ते दुखणं आहे का नुसता दाब आहे हे स्वतःला विचारा. टोकदार, सणकन गेलं तर हात वर करा, अजून औषध देतात.

सुई बघून चक्कर येणाऱ्यांसाठी

यांना सगळे सांगतात रिलॅक्स व्हा, अंग सैल सोडा, आणि नेमकं तेच चुकीचं ठरतं. यांचं बीपी आधी वाढतं आणि मग एकदम खाली येतं, त्यात अंग सैल सोडलं तर अजून खाली जातं. यांनी उलट करायचं. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत बसवली. हात, पाय, पोट सगळं एकदम ताणून धरायचं १० ते १५ सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग सोडायचं, पण पूर्ण सैल नाही, नेहमीसारखं. २०-३० सेकंद थांबून परत. असं पाच वेळा. घरी आठवडाभर रोज करा म्हणजे क्लिनिकमधे आठवेल. ज्या हातात सुई टोचायची असेल तो हात ताणू नये, पण आपली सुई तोंडात असते त्यामुळे दोन्ही हात मोकळे. खुर्ची पूर्ण आडवी करून घ्या, आडव्या माणसाला चक्कर सहसा येत नाही. हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांना चक्कर येत नाही, नुसती धडधड होते, त्यांनी मात्र श्वासच सांभाळायचा. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर.

आवाज, पाणी, उलटी

घासायचं मशीन, आम्ही त्याला एअरोटर म्हणतो, मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या मारतं म्हणून तो किंचाळल्यासारखा आवाज. पाणी उडतं ते दात तापू नये म्हणून. पहिल्यांदा तोंडाबाहेर चालू करून दाखवा म्हणा, नखावर पाण्याचा फवारा घेऊन बघा. आणि सलग पाच सेकंद चालवून थांबा, असं आकडे मोजत करायला सांगा.

गुदमरल्यासारखं होणाऱ्यांनी रबर डॅम मागा. पातळ रबराचा चौकोनी कागद असतो, त्यातून फक्त तो एक दात बाहेर काढतात, बाकी तोंड त्याच्या मागे झाकलेलं, पाणी घशात जात नाही, औषधाची चव येत नाही. रूट कॅनालला तर तो लावायलाच हवा. काहींना उलट त्या रबरानेच कोंडल्यासारखं होतं, त्यांनी आधी दोन मिनिटं नुसता लावून बघायचा.

उलटीची भावना येणाऱ्यांना सगळ्यात अवघड जातं ते माप घेताना, तो गार पिठाचा गोळा ट्रेमधे भरून तोंडात दाबतात तेव्हा. खुर्ची सरळ करून घ्या, डोकं पुढे झुकवा, लाळ गळली तर गळू दे, एक पाय खुर्चीवरून वर उचलून धरा आणि सगळं लक्ष पाय थरथरतोय त्याच्याकडे. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवूनही काहींना फरक पडतो. घरी रोज ब्रश करताना जिभेवर ब्रश जरासा मागे मागे नेत जा, काही आठवड्यांत घसा सरावतो. आता काही ठिकाणी कॅमेऱ्याने माप घेतात, गोळा नाहीच, विचारून बघा.

१९ च्या वर असणाऱ्यांनी

तुम्ही हट्टाने दात-ओठ खात बसू नका. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम घेतले तरी चालतात. एक म्हणजे मानसशास्त्रज्ञ. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी, सीबीटी म्हणतात, ती या भीतीला चांगली लागू पडते आणि वर्षानुवर्षं चालत नाही, थोड्याच बैठकांत फरक पडू शकतो. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

दुसरा रस्ता म्हणजे गुंगी. नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात, होरेस वेल्स या अमेरिकन डेंटिस्टने १८४४ मधे स्वतःची दाढ यावर काढून घेतली होती. तुम्ही जागे असता, बोलता, फक्त फिकीर राहत नाही, आणि बंद केल्यावर काही मिनिटांत उतरतं. मोठ्या शहरात मुलांच्या डेंटिस्टकडे ते असण्याची शक्यता जास्त. त्याच्या पुढे शिरेतून औषध देऊन गुंगी, आणि अगदी टोकाला हॉस्पिटलमधे पूर्ण भूल देऊन सगळी कामं एकदम. या दोन्हीला भूलतज्ज्ञ डॉक्टर हजर पाहिजेत, घरी न्यायला सोबत माणूस पाहिजे, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मात्र सगळं गुंगीत उरकलं तर भीती आहे तिथेच राहते, म्हणून निदान तपासणी आणि स्केलिंग तरी जागेपणी करायचा प्रयत्न ठेवा.

आत्ताच दुखतंय

लवंगेचं तेल कापसाला लावून खड्ड्यात ठेवलं तर थोडा वेळ बरं वाटतं, हिरडीला लागू देऊ नका, भाजतं. अ‍ॅस्पिरीनची गोळी हिरडीवर ठेवायची पद्धत आहे ती तर अजिबात नको, पांढरा चट्टा पडून जखम होते. बाहेरून शेकू नका. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दोन दिवस खाऊन सोडणारे बरेच असतात, सूज उतरते, मूळ तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येतं. फोन करून सांगा, "दुखतंय आणि मला भीती पण वाटते." तुमच्या बाबतीत आधी पू काढायचा की औषधं द्यायची ते डॉक्टर ठरवतील, आणि पूर्ण काम दुखणं बसल्यावर करता येईल का ते विचारा.

गाल सुजून सूज जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, ताप असेल, तर भीतीबिती बाजूला ठेवून त्याच वेळी मोठं हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. याने जिवाला धोका होऊ शकतो.

घरात लहान मुलं असतील तर

"दात घासला नाहीस तर डॉक्टर मोठं इंजेक्शन देतील" हे बोलणं आजपासून बंद. आणि "अजिबात दुखणार नाही" हे पण नको, जरा दुखलं की तुमच्यावरचा विश्वास गेला. पहिला दात आल्यावर, मूल वर्षाचं व्हायच्या आत एकदा दाखवून आणा, खुर्चीत वरखाली बसू दे, आरसा हातात घेऊ दे. चांगले मुलांचे डॉक्टर आधी सांगतात, मग बोटावर करून दाखवतात, मग दातावर करतात. तुम्ही स्वतः घाबरत असाल तर त्या दिवशी मुलाबरोबर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, आईचा घट्ट धरलेला हात मुलाला सगळं सांगून जातो.

काम झाल्यावर

भूल उतरायला दोन ते चार तास लागतात, तोवर गरम काही नको आणि चावून खायचं नको, गाल आणि ओठ चावले जातात. दाढ काढली असेल तर कापूस किंवा गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, त्या दिवशी थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, स्ट्रॉने प्यायचं नाही. चूळ भरून भरून थुंकणारे लोक खड्ड्यातली रक्ताची गाठ काढून टाकतात आणि मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ येते, तंबाखू, सिगरेट, मिश्रीनेही तेच होतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या. आइस्क्रीम खा बिनधास्त, डॉक्टरच सांगतात.

आणि बिल देताना पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा, सहा महिन्यांनी नुसतं दाखवायला, किंवा तुमच्या दातांना लवकर लागत असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. त्या दिवशी ऐन वेळी पाय निघाला नाही तर न येता फोन बंद करून बसू नका, फोन करून "नाही जमत आज, भीती वाटतेय" एवढंच सांगा. मी तुमचं नाव खोडत नाही, पुढच्या आठवड्यात सकाळी पहिलं लिहून ठेवते.